सायकलच्या ट्यूबचा जॉइंट

भाटघर धरणाचं पाणी काठाला लागलं की मला काम सुचत नाही. टेबलावर कुणाची तरी जळलेली मोटर पोट उघडून पडलेली असते, तार अर्धी गुंडाळून झालेली असते, आणि माझं सगळं लक्ष रस्त्याच्या पलीकडं. आमच्या दुकानासमोरचा उतार संपला की फुगवट्याचं पाणी सुरू होतं. आश्विनात ते हिरवट, जड दिसतं. वरच्या खाचरांत भात पिवळं पडायला लागलेलं असतं, त्याचा गोडसर वास दुपारच्या उन्हाबरोबर आत येतो. पाऊस गेलेला, थंडी यायची आहे, मधले हे पंधरा-वीस दिवस नुसतं ऊन आणि पाणी. मग रविवारी पाण्यावरून बोटीचा आवाज येतो. आवाज आला की मी हातातली पक्कड खाली ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी जाते. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

मी शालन. मोटर वाइंडिंग करते, वायरिंग करते, पाण्याच्या मोटारीचं जे काही बिघडतं ते दुरुस्त करते. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. मास्तर हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून हसायचे. मी मनात म्हणायचे, हसा. त्या वर्गातले अर्धे जण आज टेम्पो चालवतात आणि त्यांच्या शेतावरची मोटर जळली की माझ्याच दारात येतात. साडीवर ह्यांचा जुना शर्ट चढवायचा, खिशात टेस्टर, पिशवीत मीटर, आणि निघायचं. बुद्धविहारामागच्या आमच्या आळीतून मी निघाले की म्हाताऱ्या विचारतात, आज कुणाच्या विहिरीवर. ह्या बाजूची कुठली विहीर किती खोल, कुणाच्या स्टार्टरमध्ये पाल मेलेली असते, हे मला पाठ आहे. मोटर जळली की लोक ताई ताई करत येतात. मोटर चालू झाली की काही घरांत पाणी विचारायचं विसरतात. ते विसरणं कशाचं असतं ते मला कळतं. मी माझी बाटली घेऊन जाते आणि त्यांच्याच ओट्यावर बसून, सावकाश, पिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पुरुष मिस्तरीच्या हातून मोटर जळली तर लोक म्हणतात, मोटर जुनी होती. माझ्या हातून जळली तर म्हणतात, बाई होती. हे एवढं एक वाक्य उरावर घेऊन मी इतकी वर्षं काम केलं. त्यामुळं चूक करायची चैन मला कधी परवडली नाही. आणि केलीच, तर ती कुणाला दिसणार नाही अशी करायची, हे मी फार लवकर शिकले. चार वर्षांपूर्वीच्या त्या आश्विनापर्यंत मला ते शहाणपणही वाटत होतं.

पाण्याच्या काठाला पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत. त्यातल्या एका साहेबांनी बोट आणली. पांढरी, गुळगुळीत, आठ माणसं बसतील एवढी, मागं एवढं थोरलं इंजिन. ती चालवायला त्यांनी कोंडीबादादांना ठेवलं. दादा वेल्ह्याच्या वरच्या अंगाचे, धनगरवाड्यातले. घरी थोरल्या भावाकडं मेंढरं, शेरडं. हे ऐन उमेदीत खाली उतरले आणि पलीकडच्या गावांची माणसं ने-आण करणाऱ्या लाँचवर कामाला लागले. पंधराएक वर्षं त्यांनी ह्या पाण्यावर काढली. कुठं बुडालेला बांध आहे, कुठं झाडाचा बुंधा आहे, पाणी किती उतरलं की कुठला खडक वर येतो, हे त्यांना पाण्याकडं न बघता सांगता येतं. साहेबांनी त्यांना सोनेरी नांगर काढलेली टोपी दिली होती. ती त्यांनी बोटीच्या खणात नीट घडी घालून ठेवली आणि डोक्यावर आपलं मुंडासं तसंच ठेवलं. बाजारात लोक चिडवायचे, मेंढक्या बोट वळवतोय. दादा नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्या बोटीवर मी आधी एकदाच चढले होते. दोन वर्षं आधी, पावसाळ्यात, बोट शेडमध्ये उभी असताना उंदरानं मागची कसलीशी वायर कुरतडली होती. बंगल्यावरून निरोप आला, मी गेले, वायर जोडली, परत आले. विसरूनही गेले.

तर त्या आश्विनात एका शनिवारी साहेबांकडं पाहुणे आले. डोंगर डावीकडं, म्हणून सगळे फोटोसाठी डावीकडंच बसले. बोट वेगात निघाली आणि डावीकडं कलली ती सरळ होईना. पाणी उसळून आत आलं, पाहुणे चिंब भिजले, एका बाईंचं कपाळ दांडीवर आपटलं आणि टेंगूळ आलं. दादांनी बोट हळू करून काठाला आणली. धक्क्यावर उतरल्या उतरल्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं. बोट डावीकडं पडत होती आणि हा उजवीकडचं बटण दाबत बसला होता, मी डोळ्यांनी बघितलं, असं म्हणाले. मेंढरं वळणाऱ्याच्या हातात बोट दिली ही माझीच चूक, असंही म्हणाले. येत्या शनिवारी मुंबईहून दुसरा माणूस येतोय, तोवर बोटीला हात लावू नकोस.

सोमवारी दुपारी दादा माझ्या दुकानात आले. पाणी दिलं, ते हातात धरून बसले. मग म्हणाले, “शालनताई, बोटीचा डावा पाय लंगडतोय. बगायला येता का?”

मी म्हटलं, बोटीला पाय कुठले.

तेव्हा त्यांनी समजावलं. बोटीच्या पाठीमागं, खाली, दोन पोलादी पत्रे असतात, जेवायला बसायच्या पाटाएवढे. एक डावा, एक उजवा. प्रत्येकाला छोटी मोटर. साहेब त्यांना ट्रिम टॅब म्हणतात, दादा पाय म्हणतात. पत्रा खाली केला की पाणी त्याला वर ढकलतं आणि बोटीचा तेवढा कोपरा उचलला जातो. माणसं एका अंगाला जास्त बसली की त्या अंगाचा पत्रा खाली करायचा, बोट सरळ. माझं माहेर आंबवड्याचं. तिथल्या झुलत्या पुलावर आम्ही पोरी मुद्दाम एका बाजूला गर्दी करायचो, पूल कलायचा आणि दुसऱ्या बाजूच्या बायका शिव्या द्यायच्या. म्हणजे दुसऱ्या बाजूला माणसं न पाठवता पूल सरळ करायची ही युक्ती होती. मला ती ऐकताक्षणी आवडली.

दादा म्हणाले, गेले पंधरा दिवस डावा पत्रा सावकाश उतरत होता, बंगल्यावर दोनदा सांगितलं, कुणी कान दिला नाही. शनिवारी तो उतरलाच नाही. मग म्हणाले, “मेंढरू लंगडतंय ते पायातल्या काट्यानं. वळणाऱ्यानं वंगाळ वळलं म्हनून न्हाई. नोकरी जाईल तं जाईल, ताई, पर कोंडीबाला पाणी कळलं न्हाई असं म्हनत लोक जातील, ते म्या कसं ऐकू?”

मंगळवारी सकाळी गेले. साहेब पुण्याला होते. बोटीला हात लावू नकोस असं दादांना सांगितलं होतं, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. धक्क्याचं लोखंड उन्हानं तापलेलं, त्यावर मी पालथी पडून पाण्यात बघत होते आणि दादा पुढं बटणं दाबत होते. बाजूच्या खाचरातल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. बोटीच्या शेपटाला तोंड लावून पडलेली बाई त्यांनी आधी कशाला बघितली असेल. एकीनं ओरडून विचारलं की मासं धरताय का. मी म्हटलं, व्हय, लोखंडाचं.

दादांनी डावं बटण दाबलं. घर्र आवाज करत पत्रा खाली आला, पण उजवा. उजवं बटण दाबलं, तर डावीकडं नुसतं हुं झालं आणि पत्रा जागचा हलला नाही. माझं डोकं लगेच चाललं. डाव्या बटणानं उजवा पत्रा, म्हणजे कुणीतरी वायरी उलट्या जोडल्यात. आमच्याकडं शेतावरची मोटर उलटी फिरायला लागली तर काय करतात? दोन वायरी काढतात, अदलाबदल करतात, मोटर सुलटी. हे आमच्या हातांना डोक्याला न विचारता करायची सवय आहे. मी उठले, बटणांमागचं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावलासुद्धा. दादांनी तेवढ्यात माझ्या हातावर हात ठेवला.

ते म्हणाले, ह्या उलट्या नाहीत, अशाच असतात. पत्रा कुठला हलतो ते बघायचं नाही, बोटीचं नाक कुठं जातं ते बघायचं. उजवं बटण दाबलं की डावा पत्रा उतरतो, डावा कोपरा उचलतो, आणि नाक उजवीकडं दबतं. म्हणून बोट डावीकडं पडली की उजवं बटण. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मोकळ्या पाण्यावर, एकट्यानं, आठ दिवस दाबून दाबून त्यांनी ते शोधून काढलं होतं.

माझे कान तापले. साहेबांनी डोळ्यांनी बघितलेली चूक ती हीच होती, आणि मीही तीच बघितली होती, आयटीआयचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून. दादांनी हात धरला नसता तर मी चांगलं होतं तेही बिघडवून आले असते. मी झाकण गपचूप लावलं.

मग मीटर काढला. फ्यूज चांगला. बॅटरी चांगली. मागच्या कोपऱ्यात डाव्या मोटारीचा प्लग होता तो सोडवला आणि दादांना बटण दाबायला सांगितलं. मीटरवर पुरे बारा व्होल्ट. म्हणजे वीज येतेय, मोटर गेली. बॅटरीवरून दोन वायरी ओढून मोटारीला थेट लावल्या. मोटर मुकाट चालली, पत्रा खाली, पत्रा वर. आता आली का पंचाईत. वीज येतेय, मोटर चांगली, आणि प्लग जोडला की दोघांचं जमत नाही. दुपार झाली. पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. इंजिनाच्या तेलाचा, शेवाळाचा, तापलेल्या फायबरचा असा एक वास होता की चहासुद्धा त्याच चवीचा लागला. दादा निवांत बसून होते, आणि मला त्याचाच राग येत होता. माणसानं निदान घाई तरी करावी. मी त्या बोटीला, तिच्या मालकाला आणि तिला बनवणाऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की आज आठवलं तरी हलकं वाटतं.

मग सुचलं. प्लग सोडवून मोजतेय तोवर वायरीला काही कामच नाही. काम सांगून मोजायला हवं. प्लग जोडला, मीटरच्या काड्या मागून खुपसल्या, दादांना म्हटलं दाबा. बारा होते ते चारवर आले. रिकामं बसलेलं असताना बारा आणि काम सांगितलं की चार. अशी माणसंही मला माहीत आहेत, पण ते जाऊ दे. एवढं नक्की झालं की बटणापासून प्लगपर्यंत कुठंतरी वायर आतून खलास झालेली आहे. मोटारीचा दोष नाही, बटणाचा नाही, आणि बटण दाबणाऱ्याचा तर नाहीच.

मागचं तळाचं झाकण उचललं. तिथं कोपऱ्यात वीतभर पाणी साचून होतं. वायरीवरून हात सरकवत नेला आणि पाण्याच्या वर बोटभर अंतरावर काहीतरी रबरी लागलं. डोळ्यांना अजून दिसलं नव्हतं, पण बोटांना कळलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी. पाच वेढे, आणि शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखालून उलटं ओढून आवळलेलं. आमच्या भागात शेतावरच्या जॉइंटला ट्यूब सगळेच गुंडाळतात. टोक उलटं ओढणारी मात्र मी एकटीच आहे.

पट्टी सोडली. आत हिरवी पूड. तांब्याच्या दोन-तीन तारा तेवढ्या उरलेल्या, त्यांच्यावरून बिचारी वीज दोन वर्षं कशीबशी जात होती. शेतातल्या मोटारीला असा जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो, कारण तो मेढीच्या खांबावर उन्हात असतो. बोटीच्या पोटात तो टिकत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची तर मला सवयच नव्हती. उंदरानं खाल्लेली वायर मी विहिरीवरची समजून जोडली होती.

मी दादांना सांगितलं नाही. खरं तेच लिहिते, त्या घटकेला नाही सांगितलं. वायर सडलीय एवढंच म्हणाले. त्यांनी बोटीच्या कडेला हात लावून नमस्कार केला आणि मुंडासं काढून घाम पुसला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. मी तो सडका तुकडा पक्कडीनं तोडला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

बुधवारी एसटीनं शिवऱ्याला गेले. तिथं हायवेवर ट्रकचं वायरिंग करणारे एक काका बसतात. त्यांना विचारलं, पाण्यातला जॉइंट कसा मारायचा. त्यांनी आतून गोंद असलेली नळी दाखवली. वायरीवर चढवायची, शेक द्यायचा, की आवळून घट्ट बसते आणि पाण्याचा थेंब आत जात नाही. शिवाय टोकं पिळायची नाहीत, तांब्याच्या तुकड्यात घालून दाबायची. माझ्याकडून दोन करून घेतले, तिसरा बरा आला. त्यांनी विचारलं, आधीचा कुणी मारला होता. मी म्हटलं, होती एक बाई. ते हसले, मीही हसले. परतीच्या एसटीत खिडकीतून भाताची शेतं मागं जात होती आणि माझं ते हसणं मला काही केल्या गिळता येईना.

गुरुवारी वायर घातली, तीही आता उंचावरून, पाण्यापासून लांब. शुक्रवारी दादांनी बोट पाण्यावर नेली. मी डावीकडं बसले, माझ्या बाजूला भाताची दोन पोती ठेवली. बोट कलली, दादांनी उजवं बटण दाबलं, आणि ती अशी सरळ झाली की पोटात गोड वाटलं. दादा पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

शनिवारी साहेब आले. मुंबईचा माणूस त्यांच्या गाडीतच बसलेला होता, काच खाली करून. दादांनी बोट फिरवून दाखवली. साहेबांनी व्हरांड्यात बोलावलं. काचेच्या टेबलावर चहा होता. मी उभी होते, दादा माझ्या मागं. साहेबांनी विचारलं, काय झालं होतं. मी सांगितलं, मागची वायर पाण्यात सडली होती.

ते दादांकडं वळले. म्हणाले, सडणारच. रोज पाइप लावून धुतोस, मागं पाणी तुंबवून ठेवतोस. म्हणजे शेवटी तुझ्यामुळंच झालं ना.

दादांनी मान खाली घातली. बोट धुतल्यावाचून त्यांनी कधी ठेवली नाही, हे खरं होतं. त्यांना वाटलं असेल, असेलही आपलंच चुकलं. वाडीवरचा माणूस असाच असतो, कुणी मोठ्यानं दोष दिला की आधी आपल्या आत शोधतो.

मला तिथून मुकाट निघता आलं असतं. काठावरच्या सगळ्या बंगल्यांची कामं माझ्याकडं होती, मोटारी, इन्व्हर्टर, बागेतले दिवे. एका व्हरांड्यात बोललेलं दुसऱ्या व्हरांड्यात पोचायला तिथं वेळ लागत नाही. आणि ते उरावरचं वाक्य होतंच. बाई होती. हे लोक ते म्हणायला टपलेलेच होते, मी फक्त त्यांच्या तोंडात घालायचं बाकी होतं. हे सगळं मला त्या क्षणी दिसलं. आणि मला एकदम भयंकर राग आला, साहेबांचा नाही, माझा. एवढी वर्षं ताठ मानेनं जगतेय असं मी समजत होते, आणि खिशात सडका तुकडा लपवून उभी होते.

मी तो काढला आणि चहाच्या बशीशेजारी काचेवर ठेवला. साहेब लोकांशी मी एरवी शाळेतलं मराठी बोलते. त्या दिवशी ते आठवलंच नाही.

“हा जॉइंट म्या मारलाय, साहेब. दोन वरसांमागं. विहिरीवर मारते तसा बोटीत मारला, त्यो सडला. पाणी घातल्यानं न्हाई सडला, बोटीला पाणी लागणारच. चूक माजी, अन् हुडकलीबी म्याच. आन् बटण कुठलं दाबायचं ते ह्यांना तुमच्यापरीस जास्ती कळतंय. म्या चुकत हुते, मला ह्यांनीच शिकवलं.”

साहेबांनी बशी तुकड्यापासून लांब सरकवली. मग शांतपणे म्हणाले, “बाई, उद्यापासून तुम्ही इथं येऊ नका.”

“न्हाई येत,” मी म्हटलं. “पर मागल्या शनवारी समद्यांम्होरं ह्यांना बोललात. आता त्या गाडीतल्या माणसाम्होरं सांगा, चूक ह्यांची नव्हती.”

ते त्यांनी काही सांगितलं नाही. मान हलवली, उठले, गाडीपाशी गेले, काहीतरी बोलले. मुंबईचा माणूस पिशवी घेऊन उतरला आणि एसटीच्या रस्त्याला लागला. तेवढंच झालं. मी काचेवरचा तुकडा उचलला आणि घरी आले.

तो हंगाम मला बंगल्यांनी पुरता बंद केला. दिवाळीच्या माळासुद्धा त्यांनी भोरहून माणूस आणून लावल्या. बाजारात मला बोटवाली म्हणायला लागले. एक जुना मिस्तरी, ज्यानं आजवर निदान दहा मोटारी जाळल्या आणि दहाही वेळा मोटारीला दोष दिला, तो चारचौघांत म्हणाला, शेवटी बाईचं काम. मी त्याला विचारलं, तुमचा सडका जॉइंट दाखवा की एखादा, की तुमचे सडतच नाहीत. लोक हसले. तो आजही माझ्याशी बोलत नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही. आमचे हे मात्र एवढंच म्हणाले होते की गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं. मी म्हटलं, दादांची नोकरी. त्यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

सगळ्यात जास्त कोण रागावलं असेल तर दादाच. रस्त्यात गाठून म्हणाले, कशापायी सांगितलंत, माझं म्या बघून घेतलं असतं, तुमची समदी कामं गेली. त्यांना कुणाच्या उपकारात राहायचं नव्हतं. मी म्हटलं, दादा, हा उपकार नाही, माझा काटा होता, तुमच्या पायात मोडला होता. आठ दिवसांनी वाडीवरून पितळी डब्यात खरवस घेऊन घरी आले. विहारामागच्या आमच्या आळीत, आमच्या घरात, चटईवर मांडी घालून बसले, माझ्याबरोबर खरवस खाल्ला. मग म्हणाले, तांब्याभर पाणी द्या. मी दिलं. तोंड वर करून, घटाघटा, सगळं प्यायले, आणि आणखी मागितलं. मला त्या वेळी रडू आलं होतं, ते मी चुलीकडं तोंड करून निभावलं.

हळूहळू बंगल्यांची कामं परत आली, सगळी नाही, पण आली. एका बाईंनी तर फोनवर सांगितलं, आमच्याकडं चुका कबूल करणारा मिस्तरी हवाय. साहेबांच्या बंगल्यावर मी पुन्हा गेले नाही. त्यांनी बोलावलं नाही आणि मी वाटही बघितली नाही. तो तुकडा दुकानात टेबलाच्या वर भिंतीतल्या खिळ्याला टांगलाय, सर्टिफिकेटच्या शेजारी. ट्यूब आता कडक झालीय, हिरवा रंग काळपट पडलाय. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, हे काय टांगलंय. मी सांगते, माझी चूक आहे. काही जण हे ऐकून मोटर उचलून दुसरीकडं जातात. जाऊ देत. जे थांबतात त्यांची मोटर मी जीव लावून करते.

आज रविवार. पाणी काठाला लागलंय, खाचरात भात वाकलंय, आणि आत्ता लिहिता लिहिता तो आवाज आला. दारात जाऊन उभी राहिले. बोट पाहुण्यांनी भरलेली, आणि सगळे पुन्हा डोंगराच्या बाजूला, डावीकडंच दाटीवाटीनं बसलेले. पांढरं मुंडासं पुढं ताठ. बोट किंचित कलली. दादांचा उजवा हात हलला. बोट सरळ झाली आणि धरणाच्या दिशेनं गेली. मागं पाण्यावर दोन पांढऱ्या रेघा उरल्या, एकसारख्या, लांबच लांब. त्यातली डावी माझी.